रक्तपेढीसमोरचा रस्ता

व्हॅनवाल्याचा फोन आला तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या रोग्याच्या रक्ताशी जुळवून, थंड पेटीत बंद करून रक्तपेढीतली ती तंत्रज्ञ तयारच होती.

"ताई, मी वळणावर अडकलोय. चाक हलत नाहीये. अर्धा तास तरी धरून चाला."

अर्धा तास हातात नव्हता. समोरच्या प्रसूतिगृहात एक बाळंतीण टेबलावर होती. मूल झालं होतं, पण रक्त काही केल्या थांबत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा दहा मिनिटांत तिसऱ्यांदा फोन येऊन गेला होता. प्रसूतिगृह लांब होतं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी रक्तपेढीच्या खिडकीतून दिसायच्या. मध्ये फक्त रस्ता होता.

त्या रस्त्याने तिला या परक्या देशातल्या चार महिन्यांत रडकुंडीला आणलं होतं. इथली भाषा तोंडात बसली, पाणी मानवलं, रस्ता काही मानवला नाही. सिग्नल नाही, पट्टे नाहीत, शिट्टी फुंकायला हवालदार नाही. ट्रक, बस, दुचाक्या, हातगाड्या, ज्याला जिथे फट दिसेल तिथे तो घुसणार. एकटीने तिने तो एकदाही ओलांडला नव्हता. लांबच्या पुलापर्यंत चालत जायची, वळसा घालायची, पाऊण तास मोडायची. तिचा भाऊ अपघातात गेला होता तो मायदेशातल्या आखीव चौकात, सिग्नल त्याच्या बाजूचा असताना. तेव्हापासून रस्त्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. देवावरचाही.

फरशी पुसणारी मावशी हातातलं काम टाकून उभी राहिली. "मीच नेली असती गं पेटी. पण तिकडे सही तुझीच लागणार."

"मावशी, मला नाही जमणार."

"जमायचंय काय त्यात? धावायचं नाही, थांबायचं नाही. मागे तर अजिबात फिरायचं नाही. एका चालीने चालत राहा, बाकीचं त्यांच्यावर सोड."

"कुणावर?"

"आता कुणाकुणाची नावं सांगू?" म्हणत मावशीने दार उघडून धरलं.

ती रस्त्याच्या कडेला आली. पेटी छातीशी घट्ट धरून तिने पाऊल टाकलं.

एक बस थेट तिच्या अंगावर आली आणि, कशी कोण जाणे, पाठीमागून निघून गेली. कोपराला वारा लागला. ती थांबली नाही. डावीकडून दुचाक्यांचा थवा आला, दोन्ही बाजूंनी सरकून पुढे गेला. एका स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाने खिडकीची भलीमोठी काच दोन्ही हातांनी कवटाळली होती. स्कूटर जराशी कलली, काच कलली आणि स्कूटरमागची अख्खी रांग वीतभर बाजूला झाली. कुणी शिवी हासडली नाही, कुणी डोळे वटारले नाहीत.

रस्त्याच्या मध्यावर तिच्या ध्यानात आलं. या सगळ्यांनी तिला केव्हाच पाहिलं होतं. पुढच्या क्षणी ती कुठे असेल, ते प्रत्येकाने लांबूनच ताडलं होतं आणि तेवढी जागा तिच्यासाठी सोडली होती. ती पाऊल उचलायची, जागा तयार असायची. शेकडो अनोळखी माणसं, आपसात चकार शब्द न बोलता, तिला सांभाळून पलीकडे नेत होती. तिचे ओठ हलू लागले. आपण काय पुटपुटतोय ते तिचं तिलाच कळेना. शब्द लहानपणच्या प्रार्थनेचे होते, निम्मेअधिक विसरलेले.

प्रसूतिगृहाच्या पायरीवर नर्स वाटच पाहत होती. पेटी घेऊन नर्स धावत आत गेली. तिने दारातल्या वहीत सही केली. रिकामी पेटी परत न्यायची म्हणून ती बाकावर टेकली; थोड्या वेळाने पेटी हातात आली, तरी तिचा पाय निघेना. शेजारी बस ड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस दाराकडे डोळे लावून बसला होता. तो ड्युटी सोडून तसाच धावत आला असावा. बसची किल्ली अजून त्याच्या मुठीत होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"थांबलं. वाचली बायको तुमची."

तो बाकावरून घसरला आणि चक्क जमिनीवरच बसला. मग तिच्या मांडीवरच्या पेटीकडे त्याचं लक्ष गेलं.

"रक्त तुम्ही आणलंत? व्हॅन तर आलीच नाही म्हणत होते."

"चालत आले."

"समोरून? या वेळेला?"

"मी कसली येते? तुमच्यासारख्या गाडीवाल्यांनीच आणलं मला. कुणाचं चुकलं असतं तर? पण म्हटलं, तुमच्यावर भरवसा टाकायचा."

त्याने डोळे पुसले, मान हलवली. "ताई, सोळा वर्षं मी याच रस्त्यावर बस चालवतोय. समोरचा माणूस काय करील, हे आम्हाला तरी कुठे कळतं? तो चालत राहील, एवढं एकच धरून आम्ही पुढे जातो. आमची भिस्त तुमच्यावर."

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तसा तो लगबगीने उठला.

पेटी घेऊन ती बाहेर आली. दुपारची शाळा सुटली होती, गर्दी आता दुप्पट झाली होती. ती कडेला उभी राहिली. येणाऱ्या गाड्यांमधला एकेक चेहरा तिने पाहिला. क्षणभर तिला वाटलं, चपला इथेच काढून ठेवाव्यात आणि मगच पाऊल टाकावं.