हातोडी

नवऱ्याच्या बदलीच्या गावी निघायचं म्हणून सगळं घर खोक्यांत गेलं, पण सासूबाई भिंतीवरच्या क्रुसाला कुणाला हात लावू देईनात. "राहू दे तो तिथेच," एवढंच म्हणायच्या आणि संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर प्रार्थनेला बसायच्या.

"बाबांनी लावलाय तो. आई काही येत नाही आपल्याबरोबर," नवरा हळूच म्हणाला. "तू विचारून बघ ना."

"आई तुझी, तूच विचार."

विचारायचा धीर दोघांनाही झाला नाही.

आज टेम्पो दारात लागला, तशा सासूबाई स्टुलावर चढल्या. त्यांनी क्रूस काढून शालीत गुंडाळला, खिळाही हलवून हलवून उपटला आणि पर्समध्ये टाकला.

"हातोडी कुठंय?"

"असेल कुठल्यातरी खोक्यात," नवरा चाचरत म्हणाला.

"अरे, क्रूस शेवटी काढायचा आणि नव्या घरात सगळ्यात आधी लावायचा, एवढंही कळत नाही? तिथे काय मी लाटण्याने खिळा ठोकू?"

टेम्पोवाला ओरडत राहिला, पण नवरा एकेक बांधलेलं खोकं टराटरा फोडत सुटला. आवरलेलं घर विस्कटताना इतका खूश झालेला माणूस मी तरी पाहिला नाही.