सांजवातीचा आवाज

सासूबाई गेल्यावरही रेवती रोज तिन्हीसांजेला लॅपटॉपवर त्यांच्याच आवाजातली प्रार्थना लावून देवापाशी दिवा लावायची. परवा लॅपटॉपची एसएसडी गेली, आणि तिच्यात साठवलेला आवाजही गेला.

दुरुस्तीवाल्या संतोषने नवी बसवली, विंडोज नव्याने टाकली. "जुनीतलं काहीच हाती लागलं नाही, वहिनी. द्या टाकून."

तिला टाकवेना. भंगलेली मूर्ती विसर्जित करतात, तशी हळदकुंकू वाहून तिने ती गोदावरीत सोडली.

संध्याकाळी कोऱ्या लॅपटॉपवर एकच फाइल दिसली. रेवतीने हात जोडून ती लावली. आधी नुसताच पाण्याचा आवाज. मग सासूबाई बोलल्या, नेहमीच्याच मायेने.

"रेवती, दिवा लाव गं. इथे तळाशी काही दिसत नाही."