चाळीसचा काटा

काटा शून्यावर.
"मैलांची तबकडी काढा, किलोमीटरची बसवा. आणि बाबांना कळू देऊ नका," मी मीटरवाल्याला सांगितलं. बाबांनी वयाची ऐंशी ओलांडली होती, पण त्यांच्याकडे त्या जुन्या गाडीची चावी मागायची म्हणजे वाघाच्या तोंडातला घास काढायचा. मोकळ्या रस्त्यावर ते कायम चाळीस मैलांनी जात, म्हणजे तासाला चौसष्ट किलोमीटर. आता काटा चाळीसवर आला, की किलोमीटरही चाळीसच होणार होते.

काटा चाळीसवर.
शेजारी बसून मी मनातल्या मनात मीटरवाल्याचे आभार मानले.

काटा चौसष्टवर.
"बाबा, काटा बघा काटा!"
"काटा कशाला बघायचा? मी इंजिनाच्या आवाजावर चालवतो. काटा काय, दोन वर्षं झाली, दिसतच नाही."
"आणि रस्ता?"
बाबांनी डोळे बारीक करून समोर पाहिलं.
"गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता."

काटा शून्यावर.
"तुला नाही झेपायची ही," चावी मुठीत आवळून बाबा म्हणाले.
"मग शिकवा. पण तिथून उठा."
मी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. बऱ्याच वेळानं चावी तळहातावर पडली. गरम होती.

आता चाक माझ्या हातात होतं आणि बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते.
"दे अजून थोडं. घाबरतेस काय? अजून. हं, हे चाळीस."
काटा बरोबर चौसष्टवर होता.