सोबत

पर्स हिसकावून पळालेला चोर काही सापडला नाही. "खांद्याला लटकवून मिरवायची कशाला?" असं सगळ्यांनी धाकटीलाच सुनावलं. थोरल्या जाऊबाई तेवढ्या म्हणाल्या, "एकटीदुकटी येऊ नकोस गं, कुणाची तरी सोबत बघ."

तेव्हापासून शिलाईच्या कारखान्यातून सुटली की ती बोळात पुढे चाललेल्या एखाद्या बाईला गाठायची. मिटलेली छत्री काठीसारखी धरून, तोंडातून अवाक्षर न काढता, तिच्या पाठोपाठ चालायची. आज पुढची बाई अचानक पळतच सुटली. तिला काहीतरी दिसलं असणार, म्हणून हीसुद्धा जीव मुठीत धरून तिच्यामागे धावली.

घरी येऊन टेकते न टेकते, तोच फोनवर वस्तीच्या ग्रुपचा मेसेज आला. 'बायकांनो, सांभाळून राहा. संध्याकाळी बोळात एक छत्रीवाली एकट्या बाईच्या मागे लागते. आज मी थोडक्यात वाचले.'

धाकटीने फोन जाऊबाईंपुढे धरला. "जाऊबाई, म्हणजे ती माझ्याही मागेच होती हो."



उद्यापासून पुढच्या बाईला अगदी खेटूनच चालायचं, तिने ठरवलं आणि छत्री दाराशी हाताला येईल अशी ठेवली.