जानवं आणि मोटर

दिवाकर मागच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या मानेवर लाल वळ उठला होता आणि तो एक शब्द बोलत नव्हता. सुलोचना तव्यावरची पोळी तशीच टाकून धावली. काय झालं, कुठे लागलं, तिने विचारून विचारून भंडावलं, पण नवरा नुसता आपल्या छातीकडे बोट दाखवी. छातीवर जानवं नव्हतं. ते तुटून आत, लोखंड कातायच्या लेथच्या फिरत्या चकाभोवती गुंडाळलं गेलं होतं.

नानांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, काही सांगावं लागलं नाही. जानवं तुटलं तर नवं गळ्यात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्यांनीच मुलाला मुंजीपासून शिकवलं होतं. त्यांनी पेटीतून नवं जानवं काढलं आणि गायत्री म्हणत त्याच्या गळ्यात घातलं. मग दिवाकर हसला. म्हणाला, काही झालं नाही, पाय उचलला आणि लेथ थांबला.

गिरणीत कारकुनी करणाऱ्या या माणसाला लोखंडाचं वेड कुठून लागलं, देव जाणे. शिवणाच्या मशीनसारखा पायाने चालवायचा हा छोटा लेथ त्याने भंगारातून उचलून आणला होता, आणि तेव्हापासून त्याचे लाड चालले होते. बायकोला नवं लुगडं यायच्या आधी लेथला नवा चक आला. मग हत्यार धरायची नवी पकड आली, लोखंडाचा कीस पडायला तळाशी तसराळं आलं. खोलीवर पत्रे होते. तिथे सदरा अंगावर ठेवला तर जीव घाबरा व्हायचा, म्हणून तो उघड्या अंगानेच काम करी. आणि आता त्याला लेथला विजेची मोटर बसवायची होती.

सुलोचनाला मोटर नको होती. पाय उचलला की लेथ थांबतो. मोटर कुणाचं ऐकते? पुढच्या खेपेला जानवं तुटलंच नाही, तर त्याच्याबरोबर माणूस आत ओढला जाणार, एवढं तिला लेथमधलं काही न कळता कळत होतं. काम करताना जानवं काढून ठेवत जा, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि ते नेमकं नानांच्या कानावर गेलं.

नाना पूर्वी होळकर दरबारच्या कचेरीत होते. दरबार गेला, मध्य भारत गेला, आता मध्य प्रदेश आला. त्यांच्या घरातला कायदा मात्र जिथल्या तिथे होता. बिनजानव्याच्या माणसाला या घरात पाणी मिळायचं नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. दिवाकर दोन पोरांचा बाप, पण आपल्या बापापुढे अजून त्याची मान वर होत नसे.

शेवटी तोड काढली सुलोचनानेच. शौचाला जाताना जानवं उजव्या कानाला गुंडाळतात, तसंच लेथवर काम करतानाही गुंडाळावं. म्हणजे अंगावरही राहील आणि लोंबणारही नाही. नाना आधी विचारात पडले, मग बेहद्द खूश झाले. सून डोक्याची आहे, असं ते अन्नपूर्णेच्या देवळात जाऊन चारचौघांना सांगून आले. त्यांची अट एकच होती.

"कानाला जानवं असेल तोवर मौन, शौचाला असतं तसंच. जागा बदलली म्हणून कायदा नाही बदलत, समझे?"

दिवाकरने मान डोलावली. मोटर आली. वायरमनने तिचं बटण दाराजवळच्या जुन्या बोर्डावर, दिव्याच्या बटणाला लागूनच बसवलं. दोन्ही बटणं काळी, गोल, एकसारखी. सुलोचनाने नाक मुरडलं, तर दिवाकर म्हणाला, "अगं, फिकर नको करू, नंतर मशीनपाशी हलवून घेऊ."

त्यानंतर मागच्या खोलीतून मोटरचा आवाज येई, माणसाचा येत नसे. पाणी हवं असलं की तो दारात येऊन अंगठा तोंडाकडे नेई. जानवं कानाला घट्ट असे आणि सुलोचनाला त्याचं हायसं वाटे. तरी तो मुकेपणा तिच्या अंगवळणी पडेना. मोटर बंद असली की मग आत कुणी आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. ती उगाच कामातून उठून डोकावून येई.

त्या रविवारी दिवस कलताना दिवाकर आटे पाडायचे नवे गिअर बसवत होता. मोटर बंद करून, झाकण काढून, तो लेथच्या मागे उकिडवा बसला होता. उजवा हात मनगटापर्यंत दात्यांमध्ये होता. दारातून तो दिसत नव्हता, आणि नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. अडकित्त्याचा खिळा ढिला झाला म्हणून ते हातोडी शोधत आले होते.

"दिवाकर, आत आहेस का रे?"

सुलोचना स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिने प्रश्न ऐकला. सवयीने उत्तराची वाट पाहिली. आणि उत्तर येणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"अरे भई, आहे का कोणी?"

कुणी बोललं नाही, म्हणजे खोली रिकामी. नानांचा हात भिंतीवर बटण चाचपू लागला. सासऱ्यांपुढे कधी आवाज न चढवणारी सुलोचना कणकेच्या हातांनी धावली. "नाना, थांबा, ते आत आहेत," ती जिवाच्या आकांताने ओरडली. बटण तोवर दाबलं गेलं होतं. दिवा लागला नाही.

मोटर घरघरली आणि लगेच कशात तरी अडकून गुदमरली. सुलोचनाने नानांना बाजूला लोटून बटण वर केलं. खोलीत सगळं शांत झालं. नाना दारातच उभे होते.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. "दोनदा विचारलं. बोलला का नाहीस रे?"

दिवाकर लेथच्या मागे तसाच उकिडवा होता. चेहरा पांढराफटक पडला होता, दात ओठात रुतले होते, आणि उजवा हात गिअरांतून निघत नव्हता. त्याने डाव्या हाताने आधी कानावरचं जानवं सोडवलं, नीट खांद्यावर घेतलं, आणि मग तो ओरडला.