खारट आमटी

हेमलताबाईंनी आमटीत मुद्दाम चार चमचे मीठ घातलं, नवऱ्याला वाढली आणि समोर बसून राहिल्या.

दिगंबररावांनी भुरका मारला. "छान झालीय."

"अहो, खारट नाही लागत?"

"तुझ्या हातची आमटी कधी बिघडते का?"

हे वाक्य हेमलताबाईंनी ओळखलं. ते त्यांनीच दिलेलं होतं.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर दिगंबररावांच्या मेंदूत डॉक्टरांनी कृत्रिम पेशींचं जाळं बसवलं. ते आपलं आपण जुळत जातं, फक्त माणूस कसा होता ते त्याला सांगावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा दिगंबररावांची वाचा गेलेली, म्हणून तीन महिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं हेमलताबाईंनी दिली. परक्यांसमोर नवऱ्याचं उणं कसं काढायचं? रागावतात? कधीच नाही. जेवणाला नावं ठेवतात? छे, माझ्या हातची आमटी बिघडत नाही म्हणतात.

खरं तर बेचाळीस वर्षं ते रोज जेवताना भांडले होते, आणि संध्याकाळी मुकाट्यानं बायकोसाठी गरम शेंगदाण्यांची पुडी आणत आले होते. आता राग नव्हता, म्हणून पुडीही नव्हती.

हेमलताबाईंनी स्वतःचं ताट पुढं ढकललं. "हे काय जेवण आहे? जनावरंसुद्धा तोंड लावणार नाहीत," त्या हुबेहूब नवऱ्याच्या जुन्या सुरात म्हणाल्या आणि वाट पाहत राहिल्या.

दिगंबररावांचा घास हातातच राहिला.

"असं कोण बोलायचं गं तुला?" त्यांनी कळवळून विचारलं.