पंप बंद पडला की

पंप पुन्हा बंद पडला होता.

दयानंदने मिस्ड कॉल पाहिला, चिंधीला हात पुसले आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीशी जाऊन फोन लावला.

"सुरू होत नाही," प्रेमा म्हणाली.

"दोरी ओढून पाहिलीस?"

"खांदा गेला माझा ओढून."

"कार्बोरेटरच्या खाली वाटी आहे ना, तिचा बोल्ट सोडव. आतलं पेट्रोल सांडू दे. मग आतल्या जेटचं बारीक भोक फुंकून घे."

"बरं. धरून ठेवा."

पंप ओढ्यावर आणि रेंज अंगणात. ती जाऊन येईपर्यंत तो फोन कानाला लावून उभा राही. अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत. लांबून कुणी कुणाला हाक मारी. समोर ओमानमधल्या वादी अदाईचा उघडाबोडका डोंगर तापलेला असे, आणि तो राजापूरकडचं आपलं अंगण ऐकत राही. फोनचं कार्ड संपत जाई. त्याला फिकीर नसे.

"झाला सुरू," ती परत येऊन म्हणाली.

"जेवलीस?"

"ठेवते."

गेल्या खेपेला तो घरी गेला तेव्हा, आता परत ओमानला जायचं नाही, असं तिला कबूल केलं होतं. रजा संपता संपता अर्बाबचा, गॅरेजच्या मालकाचा, फोन आला, आणि दयानंदने पुन्हा होकार दिला. तो निघाला तेव्हा प्रेमा दारात आली नाही. "आता माझ्याशी बोलायचं काम नाही," असं आतूनच म्हणाली.

तिने ते खरं केलं. त्याने आपणहून फोन केला तर ती उचलत नसे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे निरोप न्यायला-आणायलाही कुणी नव्हतं. राहिला होता तो पेट्रोलचा पंप. सुपारीची बाग त्याच्यावर शिंपली जायची आणि वाडीत इंजिन उघडणारं माणूस नव्हतं. पंप अडला की ती मिस्ड कॉल देई.

एकदा तर भर श्रावणात दिला.

"पावसात बाग कशाला शिंपतेस?" त्याने विचारलं.

"शिंपत नाही. अधूनमधून चालवून बघावा म्हणून गेले. तुम्हीच सांगितलं होतंत."

आपण असं कधी सांगितलं, ते त्याला आठवेना. पण बरं वाटलं.

गॅरेजात त्याच्याबरोबर वसईचा क्लेमेंट होता. दोघं मिळून जनरेटर, गवत कापायची यंत्रं, होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. क्लेमेंट रजेवरून परतला त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने जनरेटर आणून टाकला. गेल्या उन्हाळ्यापासून तो गिऱ्हाइकाच्या घरी कोपऱ्यात पडून होता. दयानंदने दोरी ओढली आणि तो धडधडायला लागला.

"हा बघ," दयानंद म्हणाला. "आणि माझा पंप महिनाभर धड चालत नाही. कचराच जात असणार आत."

क्लेमेंट हसला. "दया, तू इकडचं डोकं तिकडे चालवतोस. गावी गेल्यावर पेट्रोलचा वास तरी घेतोस का? तिकडे त्यात इथेनॉल मिसळतात. इकडे नाही मिसळत, म्हणून हा वर्षभर पडूनही उठला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि तुझ्या कोकणात तर हवाच ओली. टाकीच्या तळाला पाणी साचतं, जेटवर साका बसतो. माझ्या भावाच्या इंजिनाचं हेच झालं होतं."

"मग त्याने काय केलं?"

"सोपं आहे. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप गप होईपर्यंत चालू द्यायचं. टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही. खलास! सांग वहिनीला. सुटेल बिचारी."

दयानंदने जनरेटर बंद केला. प्रेमा सुटेल हे खरं होतं. पण मग ती फोन कशाला करेल?

पुढचा मिस्ड कॉल आला तेव्हा त्याने आधी नेहमीचंच सांगितलं. ती ओढ्यावर जाऊन आली. धापा टाकत होती. तिचा तो श्वास ऐकून त्याला राहवलं नाही. क्लेमेंटने सांगितलेलं सगळं त्याने तिला नीट समजावलं.

पलीकडे बराच वेळ कोंबड्याच बोलत होत्या.

"म्हणजे आता बंद पडणारच नाही?"

"नाही पडणार."

"आधी नाही सांगितलंत ते."

"मलाच आता कळलं. तुझा खांदा दुखतो म्हणून..."

"बरं केलंत. तुमचाही त्रास वाचला."

तिने फोन ठेवला.

त्यानंतर मिस्ड कॉल आला नाही. दिवाळी गेली. बाग शिंपायचे दिवस आले, तरी नाही. शुक्रवारी सुट्टी असे, पण तो खोलीवर थांबत नसे. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी येऊन बसे. एकदोनदा त्याने आपणहून फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. उपाय बरोबर होता, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

शिमग्याच्या सुमारास शेजारची किशोरी ओमानला आली. तिचा नवरा सोहारला वेल्डर होता. सोहारची बस पकडायला दोघं रुवीच्या बसस्टँडवर थांबली होती. दयानंद त्यांना भेटायला गेला.

"काय हो दादा, किती वाळलात!" किशोरी म्हणाली. "इकडे जेवायला देतात की नुसतं ऊन?"

तिने त्याच्या हातात कोकमाची पिशवी दिली. "प्रेमावहिनींनी दिलंय. म्हणाल्या, मी दिलं म्हणून सांगू नकोस. म्हटलं, मग काय कोंबड्यांनी दिलं म्हणून सांगू?"

तो हसला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "पंप आता नीट चालतो ना?"

"न चालायला काय झालं? बटन दाबलं की पाणी."

"बटन कुठलं? दोरी ओढावी लागते त्याची."

"दादा, ओढ्यावर विजेची मोटार आहे. तो दोरीचा पंप वहिनींनी भंगारवाल्याला देऊन टाकला. तुम्ही इकडे परत आलात ना, त्याच आठवड्यात."